वर पिवळी वाळू, खाली चुनखडक : वाचकांचे प्रश्न

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ आणि परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांचे बागेविषयीचे प्रश्न अधूनमधून येतात. बहुतेकांचे मूळ एकाच जमिनीत आहे : टुअर्ट नावाच्या निलगिरीच्या जंगलाखालची पिवळी वाळू आणि तिच्या तळाशी असलेला तमाला चुनखडक. म्हणून या अंकातली सगळी उत्तरे त्याच जमिनीवर आहेत. भारतातून आलेले दोन प्रश्नही याच विषयाचे असल्याने इथेच घेतले आहेत.

आंब्यासाठी खड्डा खणताना दोन फुटांवर पांढरा टणक दगड लागला. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांनी सहा फूट खणले, तरी नुसती पिवळी वाळू. एवढ्याशा अंतरात जमीन इतकी कशी बदलते? आंबा लावावा की नाही?
– एक वाचक, जूंडलप

जमीन दोघांची एकच आहे, खडकाचा माथा तेवढा वरखाली आहे. तो तसा का, हे कळले की खड्डा कुठे घ्यायचा तेही कळेल.

पर्थच्या किनाऱ्याला समांतर वाळूच्या टेकड्यांच्या तीन रांगा आहेत. समुद्रालगतची क्विंडलप रांग सर्वांत तरुण. तिची वाळू पांढुरकी आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली. तिच्या आतल्या बाजूला स्पिअरवुड रांग, म्हणजे तुमची. आणखी पूर्वेला बॅसेनडीन रांग. ती सर्वांत जुनी, करड्या-पांढऱ्या वाळूची आणि पार धुऊन निघालेली.

स्पिअरवुड रांगेखालचा तमाला चुनखडक मुळात वाळूची टेकडीच होता. प्लाइस्टोसीन काळात, म्हणजे हिमयुगांच्या काळात, वाऱ्याने शिंपल्यांचा चुरा आणि गारगोटीची वाळू आणून टाकली. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते. ते वरच्या थरातला चुना विरघळवत गेले आणि खाली जाऊन तोच चुना पुन्हा बसवत गेले. खालचे कण त्या चुन्याने जखडून खडक झाला. वर राहिली ती न विरघळणारी गारगोटीची वाळू आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप. पिवळा रंग त्या लेपाचा. (यातली काही वाळू नंतर वाऱ्याने आली असे काही भूवैज्ञानिक मानतात. बागेच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही.)

पाणी मात्र सगळीकडे सारखे मुरत नाही. जिथे मोठ्या झाडाच्या मुळाजवळून किंवा भेगेतून जास्त पाणी उतरले तिथे खडकात उभ्या नळीसारखी विवरे पडली. ती हात-दीड हात रुंद, कधी कित्येक मीटर खोल, आणि वाळूने गच्च भरलेली असतात. दोन विवरांच्या मध्ये खडकाचा माथा वर राहतो आणि त्यावर चुन्याचा टणक पापुद्रा, स्थानिक भाषेत 'कॅपरॉक', धरतो. पर्थच्या उत्तरेला सर्व्हांटिसजवळ नंबंग राष्ट्रीय उद्यानातले चुनखडकाचे सुळके याच घडणीतले आहेत. तिथे वारा वाळू उडवून नेतो आणि एरवी दडलेला भाग उघडा पडतो. तुमच्या अंगणाखाली असाच ओबडधोबड माथा आहे, वाळूने झाकलेला.

आता काम. आठ-दहा मिलिमीटर जाडीची, दीड मीटर लांब लोखंडी सळई घ्या. पाऊस पडून गेल्यावर किंवा आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन, दर मीटरवर ती सरळ दाबत जा. खडकाला टेकली की 'ठक्' असा आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. मूळ लागले तर सळई लवचिकपणे अडते. बांधकामाचा भराव असेल तर करकर आवाज येऊन ती बाजूला सरकते. प्रत्येक ठिकाणची खोली कागदावर मांडा. जिथे सळई पूर्ण आत गेली ती जागा आंब्याची.

मग १०, ३० आणि ६० सेंटिमीटरवरची आणि खडकाच्या अगदी माथ्यावरची माती वेगवेगळी घ्या. प्रत्येक नमुन्यावर स्वयंपाकघरातले व्हिनेगर थोडे कोमट करून टाका. बुडबुडे आले तर मोकळा चुना आहे. व्हिनेगर सौम्य असल्याने खडे आधी कुटून बारीक करा, नाहीतर चुना असूनही काही दिसणार नाही. या जमिनीत सहसा वरच्या थराचा सामू (पीएच) सहा ते सातच्या दरम्यान येतो आणि बुडबुडे येत नाहीत. खडकाजवळ तोच सामू आठच्या पुढे जातो. वरच्या मातीचा अहवाल पाहून 'जमीन आम्लधर्मी' म्हणून बागेत चुना टाकणारे बरेच भेटतात. तो टाकू नका, हातभर खाली तो आहेच.

विवराची जागा नसेलच, तर पहारीने किंवा भाड्याच्या यंत्राने कॅपरॉक फोडा. हा पापुद्रा एक-दीड वीत जाड असला तरी त्याखाली खडक पुष्कळदा मऊ, भुसभुशीत असतो आणि मुळे वाट काढतात. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला तर चुनखडकात चर खोदूनच आंब्याच्या बागा लावल्या आहेत. मात्र फोडलेला चुरा खड्ड्यात परत भरायचा नाही. बारीक चुरा हा मोठ्या दगडापेक्षा किती तरी पटींनी लवकर विरघळतो आणि मुळांच्या भोवतीच सामू चढवून ठेवतो.

मुलीकडे तीन महिने राहायला आलो आहे. नळीने तासभर पाणी घातले, वर चिखल दिसतो, बोटाने उकरले तर खाली कोरडी ठणठणीत भुकटी! पाण्याचे थेंब वाळूवर मोत्यासारखे बसून राहतात. रेताड जमिनीत पाणी झरझर मुरते असे आम्ही शाळेत शिकलो.
– एक वाचक, पुणे (सध्या वॉनेरू)

शाळेत शिकलात ते ओल्या वाळूचे. उन्हाळ्यात वाळलेली ही वाळू पाणी घेतच नाही.

टुअर्ट आणि बॅंक्सिया (इथले एक स्थानिक फुलझाड) यांच्या पानगळीतून आणि ती कुजवणाऱ्या बुरशींतून मेणासारखे पदार्थ सुटतात आणि वाळूच्या कणांवर बसतात. हे चिकणमातीतही घडते, पण तिथे कणांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो, त्यामुळे मेण पुरत नाही. वाळूचे कण मोठे, पृष्ठभाग नगण्य. म्हणून चिमूटभर मेणही सगळे कण माखून टाकते. या जमिनीत चिकणमाती साधारण पाच टक्क्यांहून कमी. तिथेच सगळे अडते.

दोष किती आहे ते मोजा. वरच्या पाच सेंटिमीटरमधली माती सावलीत पूर्ण वाळवा, बशीत सपाट करा, थेंब टाका आणि घड्याळ लावा. पाच सेकंदांच्या आत थेंब जिरला तर काळजी नाही. एक मिनिटापर्यंत टिकला तर दोष सौम्य, दहा मिनिटांपर्यंत तीव्र, त्यापुढे अतितीव्र. ओल्या मातीवर ही चाचणी करून 'आमची जमीन ठीक आहे' म्हणू नका. ओल असेपर्यंत दोष लपून राहतो.

तीन उपाय आहेत आणि त्यांचे काम वेगवेगळे आहे.

बागेच्या दुकानात 'सॉइल वेटर' म्हणून मिळते ते साबणासारखे द्रव्य. पाणी लगेच आत जाते, पण जंतू ते काही महिन्यांत खाऊन टाकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे इथला उन्हाळा तोंडावर आला असताना एकदा द्या आणि गरज दिसली तर पुन्हा. भांडी घासायचा साबण ओतू नका, त्यातले क्षार पानांना आणि मुळांना नडतात.

टिकाऊ उपाय चिकणमातीचा. हिशोब सोपा आहे : एक चौरस मीटर जागेत १० सेंटिमीटर खोलीपर्यंतची वाळू साधारण १५० किलो भरते. तिच्यात पाच टक्के माती आणायची तर साडेसात किलो लागते. केओलिन ही पांढरी चिकणमाती कणांवरचे मेण झाकायला चांगली, बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी चिकणमाती पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवायला. दोन्ही निम्मी-निम्मी घेतली तरी चालते. कोरडी पूड पसरा, फावड्याने १० ते १५ सेंटिमीटरपर्यंत नीट कालवा, मग पाणी द्या. इथेच चूक होते : नुसती पसरून पाणी मारले की वर पापुद्रा बसतो आणि पाणी पूर्वीपेक्षाही जास्त वाहून जाते. कुंभार माती मळतो तसे नाही, पण पुरणात गूळ मिसळतो तितके तरी कालवायला हवे. बेंटोनाइट ओले करून कालवायला जाल तर नुसते गोळे होतील.

तिसरे आच्छादन. लाकडाचे जाडेभरडे तुकडे, पाच ते सात सेंटिमीटर. बारीक, पीटसारखे आच्छादन एकदा वाळले की स्वतःच पाणी झटकायला लागते.

आठवड्यातून दोनच दिवस स्प्रिंकलर लावायची परवानगी. मग त्या दिवशी भरपूर, अर्धा तास चालू ठेवतो. तरी हिरवळ वाळते.
– एक वाचक, कॉकबर्न

तुमचे निम्मे पाणी भूजलाला जाते. ही वाळू झाडाला उपयोगी पडेल असे पाणी मीटरभर खोलीत साधारण ५० ते ६० मिलिमीटर धरते. म्हणजे १० मिलिमीटर पाण्याने सुमारे १८ सेंटिमीटर खोलीची ओल भरते. हिरवळीची कामाची मुळे बहुतेक त्याच्या आसपास असतात, त्याखाली गेलेले पाणी वाया. पाच-सहा सरळ उभ्या डब्या हिरवळीवर ठेवा, स्प्रिंकलर दहा मिनिटे चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. १० मिलिमीटर भरायला किती मिनिटे लागतात ते काढून तेवढाच वेळ ठरवा. डब्यांमधले आकडे एकमेकांपेक्षा दुपटीने वेगळे आले तर दोष जमिनीचा नसून तोट्यांचा. आणि आधी वरची थेंबाची चाचणी करा. पाणी न घेणाऱ्या वाळूवर मिनिटांचा हिशोब व्यर्थ आहे.

खताचेही असेच. युरिया एका वेळी चौरस मीटरला १० ग्रॅमच्या वर देऊ नका. पावसाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, दिलेला नत्र मुळांच्या हाती लागण्याआधीच खाली उतरतो.

लिंबू आणि कढीपत्ता दोन्ही पिवळे पडले. नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. घराची मागची भिंत चुनखडकाच्या ठोकळ्यांची आहे, झाडे तिला लागून आहेत. गंधक टाकून पाहू का?
– एक वाचक, बाल्डिव्हिस

आपल्याकडचे शेतकरी याला 'केवडा पडला' म्हणतात. नाव सुगंधी असले तरी ही लोहाची उपासमार आहे. लोह जमिनीत असते, पण सामू साडेसातच्या वर गेला की ते विरघळत नाही. लोह झाडात जुन्या पानांतून नव्यांत सरकत नाही, म्हणून आधी शेंड्याची पाने पिवळी पडतात. आधी तळाची जुनी पाने एकसारखी पिवळी पडत असती तर नत्राचा संशय घेतला असता.

मूळ वाळूला दोष देऊ नका. भिंत बांधताना पडलेला चुरा, सांडलेले सिमेंट, ठोकळ्यांवरून झिरपणारे पाणी यांनी भिंतीलगतचा मीटरभर पट्टा चुनखडीचा झाला आहे. व्हिनेगर टाकून पाहा, भिंतीजवळ फसफसेल आणि दोन मीटरवर बहुधा नाही.

गंधकाचे गणित करा. १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत चौरस मीटरला २२५ किलो वाळू. तिच्यात एक टक्काच चुना धरला तरी सव्वादोन किलो झाला. १०० ग्रॅम चुना संपवायला ३२ ग्रॅम गंधक लागते, म्हणजे सुमारे ७२० ग्रॅम. चुना पाच टक्के असेल तर साडेतीन किलोच्या वर. एवढे एकदम टाकले तर मुळे भाजतील, आणि भिंत दर पावसाळ्यात नवा चुना पाठवतच राहील. जिथे फसफस होत नाही आणि सामू थोडाच चढलेला आहे, तिथेच गंधकाचा उपयोग.

म्हणून झाडे लहान असतील तर हलवा. मोठी असतील तर लोहाचे चिलेट (लोह विरघळलेले ठेवणारे संयुग) द्या, पण कोणते ते पाहून. ईडीटीए चिलेट सामू साडेसहाच्या वर टिकत नाही, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत, ईडीडीएचए मात्र चुनखडीतही टिकते. ते लालसर पूड असते, महागही असते. ते पाण्यात विरघळवून संध्याकाळी मुळांशी द्या आणि वरून पाणी द्या, कारण उन्हात ते खराब होते. फरशीवर सांडले तर लाल डाग पडतो. तात्पुरता आणि स्वस्त उपाय म्हणजे फवारा : लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल, दर पंधरवड्याला, ऊन उतरल्यावर. फवारलेली पाने हिरवी होतात, त्यानंतर येणारी पुन्हा पिवळीच येतात. म्हणून हा कायमचा इलाज नव्हे.

कढीपत्त्याला हिवाळ्यातही पिवळेपणा येतो, थंड मातीत मुळे काम करत नाहीत म्हणून. ऑगस्टमध्ये पाहून निदान करू नका, डिसेंबरात पाहा. भिंतीजवळ काही लावायचेच असेल तर शेवगा लावा, त्याला चुन्याचे वावडे नाही.

बागेत आधीपासून असलेल्या बॅंक्सियाला कोंबडीखत आणि हाडांचा चुरा घातला. महिन्याभरात पाने करपली. जास्त झाले का?
– एक वाचक, जूंडलप

एक मूठही जास्तच होती. दोन्ही खतांत स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असतो. बॅंक्सियाच्या मुळांना ब्रशसारखे दाट झुपके फुटतात आणि त्यांतून सुटणारी आम्ले कणांना चिकटलेला स्फुरद खरवडून काढतात. दुष्काळात जगायला शिकलेल्या या झाडाला 'पुरे' म्हणता येत नाही. स्फुरद मिळेल तेवढा ते घेते आणि त्यानेच मरते. वरचे खत खरवडून काढा, भरपूर पाणी द्या. स्थानिक झाडांसाठी 'कमी स्फुरद' लिहिलेलेच खत वापरा, तेही क्वचित.

भूगोलाचा विद्यार्थी आहे. वाळूत चिकणमाती नाही, सेंद्रिय कर्ब नाही, स्फुरद नाही. मग चाळीस मीटरपर्यंत वाढणारा टुअर्ट त्यावर उभा कसा राहतो?
– एक वाचक, नागपूर

हा झाड आणि खडक यांच्या भागीदारीचा प्रश्न आहे, वाळू त्यात निमित्तमात्र.

टुअर्ट (युकॅलिप्टस गोम्फोसेफाला) जूरियन बेपासून बसल्टनजवळच्या सबाइना नदीपर्यंतच्या सुमारे ४०० किलोमीटरच्या चिंचोळ्या किनारपट्टीत वाढतो, मुख्यतः चुनखडकावरच. बऱ्याच निलगिरींना चुना सोसत नाही, याला सोसतो. उंच टुअर्टचे जंगल आता बसल्टनजवळ लडलोला तेवढे उरले आहे.

पाणी तो वाळूतून कमी आणि खालून जास्त घेतो. आधी सांगितलेली विवरे हे त्याच्या मुळांचे जिने आहेत. पर्थच्या उत्तरेला यांचेप येथे चुनखडकातल्या गुहांमध्ये टुअर्टची मुळे छतातून, भिंतींतून उतरून ओढ्यापर्यंत पोहोचलेली आहेत. पाण्यात त्या मुळांच्या गोधडीसारख्या जाळ्या होतात आणि त्यांवर बारीक कवचधारी जीव जगतात. पाऊस १९७० च्या दशकापासून घटला, उपसा वाढला आणि वरच्या पाइनच्या लागवडीनेही पाणी ओढले, तशी नंगारा भूजलसाठ्याची पातळी उतरली. ओढे आटले. काही गुहांत हे जीव वाचवण्यासाठी पाणी पंपाने सोडावे लागले.

अन्नद्रव्यांचे कोठार वरच्या १० सेंटिमीटरमध्ये आहे. तिथे सेंद्रिय कर्ब जेमतेम एक-दोन टक्के, पण अन्न धरून ठेवायला दुसरे काहीच नसल्याने सगळी भिस्त त्यावर. म्हणूनच घर बांधताना बुलडोझरने हा वीतभर करडा थर खरवडून नेला की उरते ती बांधकामाची वाळू. तुमच्या अभ्यासात ही गोष्ट नोंदवा : या जमिनीचा छेद काढताना वरचा थर ० ते ५ आणि ५ ते १० सेंटिमीटर असा विभागून नमुने घ्या. ३० सेंटिमीटरचा एकच नमुना घेतला तर कर्ब, स्फुरद, सामू सगळ्यांची सरासरी होऊन जमीन जशी आहे तशी दिसतच नाही.

रोपे उगवतात ती वणव्यानंतर, ओंडका जळून राहिलेल्या राखेच्या ढिगात. राखेत स्फुरद आणि पालाश मोकळे असते, उष्णतेने स्पर्धक आणि रोगजंतू मेलेले असतात. राखेबाहेर पडलेले बी उगवले तरी पहिला उन्हाळा क्वचितच काढते.

चुन्याने एक संरक्षणही दिले आहे. जॅरा (दुसरी एक निलगिरी) आणि बॅंक्सियाची जंगले पोखरणारा फायटॉफ्थोरा सिनामोमी हा मुळे कुजवणारा बुरशीसारखा रोगजंतू चुनखडीच्या मातीत फारसा जोर धरत नाही. त्यामुळे टुअर्ट सुरक्षित मानला जाई. १९९० च्या दशकात पर्थच्या दक्षिणेला याल्गोरप इथे टुअर्ट वाळायला लागले. पुढे २००९ मध्ये तिथून फायटॉफ्थोरा मल्टिव्होरा ही नवी जात वर्णन केली गेली. तिला चुनखडीची मातीही चालते. २०१९ मध्ये टुअर्टची वनराई ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्याखाली 'अतिसंकटग्रस्त' यादीत आली. तिथे नमुने घ्यायला गेलात तर बूट आणि खोरी मातीचा कण न राहील अशी धुऊन, मेथिलेटेड स्पिरिट मारूनच आत जा.

अशी जमीन आपल्याकडे आहे का?
– एक वाचक, चंद्रपूर

राजुरा-कोरपना भागात चुनखडक मुबलक आहे, पण तो अतिप्राचीन सागरी खडक आहे आणि वरची माती काळी, चिकट. वागणूक अगदी उलटी. तमाला चुनखडकाचा खरा भाऊ सौराष्ट्रात आहे : मिलिओलाइट, म्हणजेच मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या कोरीवकामात वापरलेला पोरबंदर दगड. भिंगाखाली दोन्हींत शिंपल्यांचा आणि सूक्ष्म सागरी कवचांचा चुरा दिसतो.

छताचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा घराला किती जवळ घ्यावा? आमच्या प्लॉटवर चुनखडक वर आलेला आहे.
– एक वाचक, यांचेप

अंतराचा नियम तुमच्या नगरपालिकेकडून घ्या, तो जागेप्रमाणे बदलतो. चुनखडक असताना धोका मात्र वेगळा असतो. एका जागी सोडलेले पाणी विवरातली वाळू खाली पोकळीत ओढून नेऊ शकते आणि वर जमीन खचते. खड्डा खणल्यावर बाजूला खडक आणि मध्ये सुटी वाळू दिसली, तर ते विवर आहे. तिथे शोषखड्डा घेऊ नका. तळाशी अखंड खडक लागला तर पाणी मुरणार नाही, पायाकडे आडवे पसरेल. तळाखाली किमान मीटरभर स्वच्छ वाळू हवी. बादलीभर पाणी ओतून पाहा, पण एकदा नव्हे, लागोपाठ चार-पाच वेळा. पाणी उतरण्याचा वेग मध्येच अचानक वाढला तर काम थांबवा आणि भूतांत्रिक अभियंत्याला बोलवा.